प्रजेचे नागरिक कधी होणार?

पुण्याहून अहिल्यानगरकडे जाणाऱ्या महामार्गावर सुमारे 50 किलोमीटरवर रांजणगाव लागते. अष्टविनायकांपैकी महागणपतीचे हे स्थान. त्रिपुरासुराशी युद्ध करण्यापूर्वी भगवान शंकरांनी येथे गणेशाची आराधना केली, अशी पुराणकथा आहे. ज्या शंकरांच्या वराने त्रिपुरासुर बलाढ्य झाला, त्यांनाच पुढे त्याच्याविरुद्ध शस्त्र उचलावे लागले. दिलेली सत्ता उन्मत्त झाली तर तिला आवर घालण्याचे कर्तव्यही देणाऱ्याचेच असते, हा या कथेचा बोध आहे. लोकशाहीत सत्ता देणारा मतदार असतो. स्वातंत्र्याला पाऊणशे वर्षे उलटून गेल्यावर या बोधाची आठवण करून देणे अप्रस्तुत ठरू नये.

15 ऑगस्ट 1947 रोजी या देशाने पाहिलेले स्वप्न केवळ गोरा साहेब जाण्याचे नव्हते. पोटाला अन्न, हाताला काम, मुलाला शाळा आणि सरकारदरबारी मान, अशी साध्या माणसाची साधी अपेक्षा होती. त्यातील बरेच साध्य झाले, हे नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. 1951 च्या जनगणनेत साक्षरतेचे प्रमाण 18.33 टक्के होते. 2011 मध्ये ते सुमारे 73 टक्क्यांवर गेले. साठच्या दशकात अमेरिकेच्या गव्हाची वाट पाहणारा देश पुढे धान्याची निर्यात करू लागला आणि 23 ऑगस्ट 2023 रोजी त्याचे यान चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळ उतरले.

मग तरीही मनात हुरहूर का आहे? त्याचे उत्तर रांजणगावसारख्या ठिकाणी शोधावे लागते.

शिरूर तालुका हा मुळातला अवर्षणप्रवण भाग. 1972 च्या दुष्काळात रोजगार हमीच्या कामांवर खडी फोडणारी पिढी महाराष्ट्राने पाहिली. अशा भागात नव्वदच्या दशकात रांजणगावची औद्योगिक वसाहत उभी राहिली. आज येथे तयार होणारी शीतकपाटे, धुलाईयंत्रे आणि मोटारी देशभर जातात. 2022 मध्ये केंद्र शासनाने येथे इलेक्ट्रॉनिक्स उत्पादन संकुलास मंजुरी दिली. ज्या माळावर कुसळे उगवत होती, तेथे हजारो हातांना काम मिळाले. ही प्रगती खरीच आहे.

परंतु महाराष्ट्रातील बहुतेक औद्योगिक पट्ट्यांत या चित्राला दुसरी बाजूही दिसते. जमिनीचा मोबदला हाती आला, तो बंगला, गाडी आणि लग्नातील बडेजावात विरून गेला. शेतकऱ्याचा मुलगा कारखान्यात गेला, पण कायम कामगार म्हणून नव्हे. कंत्राटदाराच्या यादीतील एक नाव म्हणून. ज्यांच्या अंगी थोडा जोर होता, त्यांनी भंगाराचा, टँकरचा, मजूर पुरवण्याचा ठेका मिळवला आणि त्या ठेक्यांभोवतीच गावाचे राजकारण फिरू लागले. भूमिपुत्राच्या नावाने आंदोलन व्हावे आणि त्याची सांगता एखाद्या ठेक्यात व्हावी, हे दृश्य आता कोणाला नवे राहिलेले नाही. वैभव दाराशी आले, पण त्या वैभवात गावाचा शब्द काय, हा प्रश्न अनुत्तरितच राहिला.

याचे मूळ राज्ययंत्रणेच्या घडणीत आहे. इंग्रज गेला, पण रयतेकडून वसुली आणि बंदोबस्त करण्यासाठी त्याने उभारलेली यंत्रणा तशीच राहिली. त्याने 1894 मध्ये केलेला भूसंपादन कायदा स्वतंत्र भारतात 2013 अखेरपर्यंत लागू होता. 1860 ची दंडसंहिता 30 जून 2024 पर्यंत चालली. संविधानाच्या 40 व्या अनुच्छेदाने ग्रामपंचायतींना स्वशासनाचे घटक मानले. परंतु त्यांना घटनात्मक दर्जा देणारी 73 वी दुरुस्ती अमलात येण्यास 24 एप्रिल 1993 हा दिवस उजाडावा लागला. तोपर्यंत दोन पिढ्या तहसील कचेरीच्या ओसरीवर अर्ज हातात घेऊन वाढल्या. ‘मायबाप सरकार’ हा शब्द त्यांच्या तोंडी बसला तो असा.

मात्र सारा दोष इंग्रजांवर आणि दीर्घकाळ राज्य केलेल्या काँग्रेसवर टाकून मोकळे होणे सोपे आहे. कायदा बदलता येतो. मनातील रयतपण कोणी बदलायचे? 15 ऑगस्टला सकाळी शाळेच्या पटांगणात ध्वजवंदनाला सारे गाव जमते. त्याच दिवशी ग्रामसभा भरवण्याचाही प्रघात आहे आणि अनेक गावांत ती गणपूर्तीअभावी तहकूब होते. सकाळी राष्ट्रगीतासाठी ताठ उभा राहिलेला गावकरी दुपारी गावाच्या जमाखर्चाचा हिशेब विचारायला येत नाही. स्वातंत्र्यानंतरच्या निराशेचे याहून नेमके चित्र कोणते असेल?

राष्ट्रीय विचारांच्या कार्यकर्त्यानेही येथे स्वतःकडे पाहिले पाहिजे. सत्ता आपल्या विचारांची आली की सारे आपोआप मार्गी लागेल, ही अपेक्षा 1998 मध्ये होती आणि 2014 मध्ये ती अधिक प्रबळ झाली. काही जुनी स्वप्ने त्यातून साकारही झाली. परंतु सरकार आपले आहे म्हणून प्रश्न विचारायचे नाहीत, ही वृत्ती मायबाप सरकारच्या मानसिकतेचेच दुसरे रूप आहे. पंडित दीनदयाळ उपाध्याय यांनी 1965 मध्ये मुंबईतील व्याख्यानांत एकात्म मानवदर्शन मांडले, तेव्हा त्यांच्या दृष्टीसमोर राज्यसत्तेच्या आधाराने उभा असलेला समाज नव्हता. स्वतःच्या चितीवर उभा असलेला समाज होता.

या परिसराचा इतिहासही हेच सांगतो. 1802 च्या वसईच्या तहाने दुसऱ्या बाजीरावाने इंग्रजांची तैनाती फौज पत्करली आणि तिची छावणी रांजणगावपासून जवळच घोडनदीला, म्हणजे शिरूरला पडली. स्वराज्य हातचे जाण्यापूर्वी स्वत्व गहाण पडले होते. याउलट उदाहरण थोरल्या माधवरावांचे. रांजणगावच्या मंदिराचा गाभारा त्यांनी बांधवला, असे मानले जाते. पानिपतच्या संहारानंतर 1761 मध्ये, वयाच्या सोळाव्या वर्षी, ते गादीवर आले आणि अवघ्या अकरा वर्षांत मराठ्यांनी पुन्हा दिल्लीपर्यंत दबदबा बसवला. त्यांच्या भक्तीविषयी शंका नव्हती. तरीही स्नानसंध्येत राज्यकारभार मागे पडू लागला, तेव्हा रामशास्त्री प्रभुणे यांनी त्यांना कर्तव्याची स्पष्ट जाणीव करून दिली आणि पेशव्यांनी ती मानली, असे सांगतात. हिशेब विचारणारा रामशास्त्री आणि तो ऐकणारा माधवराव, अशी जोडी जेथे असते, तेथे पराभवातूनही राष्ट्र उभे राहते.

आज गावोगावी रामशास्त्र्यांची गरज आहे, आणि त्यासाठी न्यायाधीशाचे आसन लागत नाही. ग्रामसभेला उपस्थित राहणे, जमीन विकताना पुढच्या पिढीचा विचार करणे, गावातील मुलांना यंत्रावरचे कसब शिकवण्याची व्यवस्था उभारणे, कंत्राटी कामगाराच्या भविष्य निर्वाह निधीचा हिशेब त्याच्या वतीने मागणे, ही कामे कोणत्याही शाखेच्या, मंडळाच्या किंवा महिला बचत गटाच्या आवाक्यातील आहेत. शहरातील सुशिक्षित कुटुंबांनी यात्रेला यावे, दर्शन घ्यावे, पण ज्या गावच्या देवाला ते हात जोडतात, त्या गावाची शाळा, पाणी आणि रोजगार यांचीही विचारपूस करावी.

1947 मध्ये राज्य मिळाले. ‘स्व’ मिळवण्याचे काम कोणत्याही तहात किंवा कायद्यात लिहिलेले नसते. ते ज्याचे त्याने करायचे असते. येत्या 15 ऑगस्टला ध्वजाला वंदन करून घरी परतणाऱ्या प्रत्येकाने त्याच दिवशीच्या ग्रामसभेत हजेरी लावली, तर तहकूब राहिलेल्या स्वराज्याचे कामकाज खऱ्या अर्थाने सुरू होईल.