बॅगेतलं मोरपीस

डिसेंबर जवळ आला की आपल्या घरांतून याद्या सुरू होतात. जाताना बदाम आणि व्हिटॅमिनच्या बाटल्या, येताना भाजणी, मेतकूट, गोडा मसाला. चार वर्षांपूर्वी माझ्या यादीत आणखी एक गोष्ट होती : मोरपिसं, तीही एका अमेरिकन स्नेह्यांसाठी. यंदा तुम्हाला कोणी अशी फर्माईश केली तर सरळ नाही म्हणा, एवढंच मला सांगायचं आहे.

मी न्यूयॉर्क राज्यात पोस्टडॉक करते. शनिवार-रविवारी कॅट्सकिलच्या डोंगरात नदीवर जाते, ट्राउट धरायला. तिथे गळाला गांडूळ लावत नाहीत, 'माशी' लावतात. इवल्याशा आकड्यावर दोरा आणि पिसं गुंडाळून केलेला हा कीटकाचा आभास. ज्यांनी मला माश्या बांधायला शिकवलं, ते सत्तरीचे गृहस्थ जुन्या पद्धतीचे कट्टर. प्लास्टिकचा तंतू त्यांच्या टेबलावर चालत नाही.

त्यांची लाडकी माशी 'क्विल गॉर्डन'. थिओडोर गॉर्डन (1854–1915) याच डोंगरात राहिला. 1890 मध्ये इंग्लंडहून हॅलफर्डने पाठवलेले नमुने पाहून त्याने इथल्या वाहत्या पाण्याला साजतील अशा तरंगत्या माश्या बांधल्या. क्विल गॉर्डनचं अंग मोरपिसाच्या डोळ्यातल्या एका तंतूचं असतं. नखाच्या चिमटीत धरून त्याची लव खरवडायची. उरते ती सपाट काडी, एक कड गडद आणि एक फिकट. पाण्यात भिजवून वेढ्याला वेढा लावत ती आकड्यावर गुंडाळली की मेफ्लायच्या पोटावरचे वलयांकित पट्टे जसेच्या तसे उमटतात. वरून बारीक सोनेरी तार, नाहीतर ट्राउटच्या एका दाताने सगळं उसवतं. मी प्रयोगशाळेत काय काय नाजूक हाताळते, पण पहिल्या दहा काड्या माझ्याकडून तुटल्या.

तर गुरुजी म्हणाले, "तू भारतात जातेस, तिकडची अस्सल पिसं आण." मीही फुशारले. आपल्या गावच्या वस्तूला इतका मान! देवळाबाहेर एक जुडी विकत घेतली, साडीच्या घडीत लपेटली आणि आणली. कोणी विचारलं नाही.

इथे येऊन जुडी सोडली तेव्हा पाहिलं, सगळ्या पिसांचे देठ खालून एकसारखे कापलेले.

हे का महत्त्वाचं, ते ऐका. मोर 1963 पासून राष्ट्रीय पक्षी आहे आणि 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला पहिल्या परिशिष्टाचं संरक्षण आहे. आपोआप गळलेली पिसं देशात विकायला मुभा आहे, निर्यातीला बंदी. पीस गळलेलं की उपटलेलं, हे कळतं ते बुडाशी. गळलेल्याचं टोक स्वच्छ, कोरडं असतं. उपटलेल्याला रक्ताचे, ऊतींचे अंश राहू शकतात. माशी बांधणाऱ्याला मात्र हवा असतो फक्त वरचा डोळा. बूड त्याच्या काहीच कामाचं नाही. म्हणजे पुरावा जिथे असतो, नेमका तोच भाग आपल्या गिऱ्हाईकाला नको असतो. माझी जुडी कशी जमली, हे मी आज सांगू शकत नाही. विकणाऱ्यावर माझा आरोप नाही. मीच विचारलं नाही, आणि विचारलं असतं तरी पडताळा घ्यायला काही उरलं नव्हतं.

"मोर दरवर्षी पिसारा गाळतोच की!" गाळतो, पावसाळा सरता सरता. पण मागणी ऋतू बघत नाही. "दोन पिसांनी काय होतंय?" दोन पिसांनी काही होत नाही, पण विमानात तुम्ही एकट्याच नसता. शिवाय इथल्या 1900 च्या लेसी कायद्यानुसार दुसऱ्या देशाचा वन्यजीव कायदा मोडून आणलेली वस्तू इथेही गुन्ह्याची ठरते. विसावर बसलेल्या माणसाने तरी हे लक्षात ठेवावं.

आणि "परंपरा"? या शब्दाचा मला खरा राग आहे. 2009 साली इंग्लंडमधल्या ट्रिंगच्या संग्रहालयातून एका तरुणाने पक्ष्यांची 299 कातडी चोरली, ती सामनच्या शोभिवंत माश्यांच्या परंपरेसाठीच. आपल्या सह्याद्रीतल्या राखी रानकोंबड्याच्या मानेची पिसंही त्याच माश्यांवर डोळे म्हणून लावतात. तिकडे हे पक्षी आता पाळून वाढवतात, आणि त्या माश्या काही बंद पडल्या नाहीत. मोरही इथल्या शेतांवर पाळलेले आहेत आणि तेही दरवर्षी पिसारा गाळतात. एका डोळ्यात डझनभर माश्यांचा ऐवज असतो. 'अस्सल भारतीय' मोरपिसाने ट्राउटला कसला फरक पडतो? फरक पडतो तो आपल्या अहंकाराला.

खरी परंपरा हवी असेल तर आर्ट फ्लिकची 'रेड क्विल' बांधा. याच डोंगरातल्या या माणसाचं छोटं मार्गदर्शक पुस्तक 1947 साली आलं. त्याच्या माशीचं अंग तांबड्या कोंबड्याच्या पिसाच्या देठाचं. केसर ओरबाडून काढायचे, देठ भिजत टाकायचा आणि गुंडाळायचा. नैसर्गिक, जुनं, सुरेख. आणि कोंबडा तर आपण खातोच.

गुरुजींना मी हे सगळं सांगितलं. ते आठवडाभर बोलले नाहीत. मग एप्रिलमध्ये त्यांनी माझ्या तळहातावर तीन रेड क्विल ठेवल्या. जुडी अजून माझ्या कपाटात आहे. ती मी वापरत नाही, कोणाला देत नाही आणि टाकवतही नाही.

तुमच्या बॅगेत तेवीस किलो मावतात. भाजणी थोडी जास्त आणा.