सही कोणाची, किल्ली कोणाच्या हाती?

डिसेंबर २०२४ मध्ये कोलकात्यात ‘एशियाक्रिप्ट’ ही कूटशास्त्राची आंतरराष्ट्रीय परिषद भरली. या शास्त्राशी कोलकात्याचे नाते जुने आहे. महालनोबिस यांनी १९३१ मध्ये स्थापन केलेल्या भारतीय सांख्यिकी संस्थेने या विषयाच्या अभ्यासाची परंपरा निर्माण केली, आणि ‘इंडोक्रिप्ट’ परिषदांची मालिकाही २००० मध्ये याच शहरातून सुरू झाली. याच कोलकात्यात मार्च २०१८ मध्ये स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतून निवडणूक रोख्यांची विक्री सुरू झाली होती. या दोन घटनांचा परस्परांशी थेट संबंध नाही. परंतु दोहोंच्या मुळाशी प्रश्न एकच आहे: कोणाचे नाव झाकावे, कोणाचे उघड करावे, आणि हे ठरविण्याची सत्ता कोणाकडे असावी?

भारतात डिजिटल स्वाक्षरीला माहिती तंत्रज्ञान कायद्याने मान्यता मिळाली. हा कायदा १७ ऑक्टोबर २००० रोजी अंमलात आला. या पद्धतीत प्रत्येकाकडे दोन किल्ल्या असतात. गुप्त किल्लीने सही करावयाची आणि जाहीर किल्लीने ती कोणीही पडताळावयाची. जाहीर किल्ली अमुक व्यक्तीचीच आहे, याची ग्वाही परवानाधारक प्रमाणन प्राधिकारी देतो. करार, निविदा, करविवरण यांसाठी ही व्यवस्था योग्यच आहे. सही करणाऱ्याला पुढे हात झटकता येत नाहीत. परंतु बलवानाविरुद्ध तक्रार करणाऱ्या दुर्बलाच्या बाबतीत सहीखालचे नाव हेच त्याच्यावर उगारलेले हत्यार ठरते.

कामगार चळवळीला हा पेच नवा नाही. १८८४ मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांचे निवेदन फॅक्टरी कमिशनपुढे मांडले, तेव्हा त्यावर सुमारे ५,५०० कामगारांच्या सह्या होत्या. एकट्याला कामावरून काढता येते, हजारोंना काढणे अवघड असते. जेथे अशी संघटित शक्ती उभी राहिलेली नसते, तेथे पहिली सही करणाऱ्यालाच पहिली चार्जशीट मिळते. आणि सहीच नसेल, तर ‘हे कोणा बाहेरच्याचे कारस्थान आहे’ असे म्हणून व्यवस्थापन तो कागद केराच्या टोपलीत टाकते.

हा पेच सोडविण्याचे गणिती मार्ग कूटशास्त्राने शोधले आहेत. १९९१ मध्ये डेव्हिड चॉम व यूजीन व्हॅन हेस्ट यांनी समूह-स्वाक्षरीची कल्पना मांडली. समूहातील कोणीही सदस्य समूहाच्या वतीने सही करू शकतो; सही सदस्याचीच आहे हे पडताळणाऱ्याला कळते, पण कोणत्या सदस्याची हे कळत नाही. वाद उद्भवल्यास मात्र समूहाचा व्यवस्थापक आपल्या खास किल्लीने नाव उघड करू शकतो. २००१ मध्ये रिव्हेस्ट, शमीर व टॉमन यांनी वलय-स्वाक्षरी मांडली. तीत व्यवस्थापकच नाही, त्यामुळे नाव उघड करण्याची सोयही नाही. पहिलीत निनावीपणाला उत्तरदायित्वाची जोड आहे. दुसरीत निनावीपणा पूर्ण आहे, परंतु खोटी तक्रार करणाऱ्यालाही तो तितकाच लाभतो.

सारा प्रश्न येऊन ठेपतो तो या व्यवस्थापकापाशी. उघडण्याची किल्ली ज्याच्या हाती, तोच मालकाचा माणूस असेल तर? कूटशास्त्रज्ञांनी या शंकेचीही दखल घेतली आहे. सदस्यत्व देणारा आणि नाव उघडणारा हे दोन वेगळे अधिकारी असावेत. उघडणाऱ्याने आपण योग्य नाव सांगितल्याचा पडताळता येईल असा पुरावा द्यावा. आणि अधिकारी संगनमत करूनही निरपराध सदस्याच्या माथी दुसऱ्याची सही मारू शकणार नाहीत, अशी रचना असावी, अशा अटी २००५ पर्यंत काटेकोरपणे मांडल्या गेल्या. शमीर यांनी १९७९ मध्येच दाखविलेल्या पद्धतीने एक गुपित अनेकांत असे वाटता येते की ठरावीक संख्येने धारक एकत्र आल्याशिवाय ते उलगडत नाही. उघडण्याची किल्लीही अशीच वाटता येते.

निवडणूक रोख्यांत गणिती स्वाक्षरी नव्हती, पण रचना याच जातीची होती, आणि ती नेमकी उलट्या हेतूने वापरली गेली. रोख्यावर देणगीदाराचे नाव नसे. अतिनील प्रकाशात दिसणारा छुपा क्रमांक मात्र असे. खरेदीदाराची ओळख स्टेट बँकेकडे नोंदलेली असे, आणि न्यायालयाने मागितल्यास किंवा फौजदारी गुन्हा नोंदल्यावर तपास यंत्रणांनी मागितल्यास ती उघड करण्याची तरतूद होती. म्हणजे किल्ली सरकारी मालकीच्या बँकेत, तपास यंत्रणा सरकारच्या हाताखाली, आणि अंधारात राहिला तो फक्त मतदार! असोसिएशन फॉर डेमोक्रॅटिक रिफॉर्म्स, भारतीय कम्युनिस्ट पक्ष (मार्क्सवादी) आदींच्या याचिकांवर सर्वोच्च न्यायालयाने १५ फेब्रुवारी २०२४ रोजी ही योजना घटनाबाह्य ठरविली. तपशील देण्यासाठी बँकेने ३० जूनपर्यंत मुदत मागितली. ११ मार्चला न्यायालयाने ती नाकारली आणि २१ मार्चपर्यंत क्रमांकांसह सारा तपशील निवडणूक आयोगाकडे पोहोचला. अडचण तंत्राची नव्हती, इच्छेची होती.

याच्या शेजारी दुसरे चित्र ठेवून पाहावे. दिल्ली-कोलकाता महामार्गाच्या कामातील गैरव्यवहार अभियंता सत्येंद्र दुबे यांनी पंतप्रधान कार्यालयाला कळविला आणि आपले नाव गुप्त ठेवण्याची विनंती केली. ते गुप्त राहिले नाही. २७ नोव्हेंबर २००३ रोजी गया येथे त्यांची गोळ्या घालून हत्या झाली. त्यानंतर जागल्यांच्या संरक्षणाचा कायदा संमत होण्यास २०१४ साल उजाडले. तो अंमलात आणणारी अधिसूचना पुढील दहा वर्षांतही निघाली नाही. शिवाय, तक्रारदाराने आपली ओळख दिली नसेल तर तक्रारीवर कारवाई करू नये, असे तोच कायदा सांगतो. थैलीशहाला पडदा आणि जागल्याला नावाची सक्ती, असा हा वर्गीय न्याय आहे!

निनावीपणा आणि उत्तरदायित्व यांचा समतोल हा तराजूचा काटा मध्यावर आणण्याचा प्रश्न नाही. ज्याच्या हाती सत्ता व पैसा आहे त्याची सही उघड असली पाहिजे. ज्याची उपजीविका वा प्राण पणाला लागले आहेत त्याची सही झाकली गेली पाहिजे. कामगार, कर्मचारी वा नागरिक यांच्यासाठी तक्रारीची डिजिटल व्यवस्था उभी राहील तेथे कामगार संघटनांनी तीन गोष्टींचा आग्रह धरावा. तक्रारदार त्या समूहाचा आहे एवढेच सहीवरून कळावे. उघडण्याची किल्ली एकट्या व्यवस्थापनाकडे वा सरकारकडे न राहता कामगार प्रतिनिधी व न्यायसंस्था यांच्यात वाटलेली असावी. आणि ती वापरली गेल्याची प्रत्येक नोंद कारणासह तक्रारदाराला मिळावी. गणित ही किल्ली वाटून देऊ शकते; ती वाटण्यास सत्ताधाऱ्यांना भाग पाडणे हे मात्र संघटित जनतेचेच काम आहे.