माळ्यावर ठेवलेला रेडिओ

मागच्या रमजानच्या आधी मोहल्ल्यातल्या दोन बुजुर्गांनी मला मशिदीबाहेर गाठले. म्हणाले, "सर, तो पोरगा तुमचा विद्यार्थी. तुमचं ऐकेल. त्याला सांगा, ते वायरी-बियरी, विमान-बिमान बंद कर म्हणावं. आपल्या पोरांना हे परवडणारं नाही." मी गेलो आणि सांगितले. त्याने ऐकले. सगळे सामान एका पोत्यात भरून माळ्यावर टाकले. हा लेख त्या बुजुर्गांच्या विरोधात आहे, आणि त्यांच्यापेक्षा जास्त माझ्या विरोधात आहे.

पोरगा नेमके काय करत होता, हे आमच्यापैकी कोणीच त्याला विचारले नव्हते. मला ते नंतर समजले, म्हणून आधी तेच सांगतो.

त्याच्याकडे एक जुना, दुसऱ्या हातचा कॉम्प्युटर आहे. त्यावर फ्लाइटगिअर नावाचा विमान उडवण्याचा प्रोग्राम आहे. तो फुकट मिळतो आणि कोणालाही उघडून दुरुस्त करता येतो. त्यात सेसना १७२ हे चार आसनांचे छोटे विमान उडवता येते. जगभर शिकाऊ वैमानिक याच विमानावर हात बसवतात. या विमानात वैमानिकासमोर रेडिओची पेटी असते. बोलण्यासाठी ११८ ते १३६.९७५ मेगाहर्ट्झ एवढा पट्टा. २५ किलोहर्ट्झच्या अंतराने मोजले तर त्यात ७६० जागा होतात. समजा रेडिओ ११८.००० वर आहे आणि तुम्हाला १२१.५ वर, म्हणजे संकटाच्या वेळच्या फ्रीक्वेन्सीवर जायचे आहे. एकाच नॉबने एकेक जागा सरकत गेलात तर १४० खटके होतात. वीस खटक्यांचा नॉब असेल तर सात पूर्ण फेरे. म्हणून खऱ्या पेटीत एकात एक बसवलेले दोन नॉब असतात. बाहेरचा मोठा मेगाहर्ट्झ बदलतो, आतला लहान किलोहर्ट्झ. बाहेरचे तीन खटके, आतले वीस, काम झाले. बेंडिक्स किंगच्या केएक्स १५५ या जुन्या पेटीत तर आतला नॉब ढकललेला असला की ५० ने सरकतो, ओढला की २५ ने. वैमानिकाला खाली बघावेच लागत नाही, बोटांना लहान-मोठे आपोआप कळते.

हा जोडनॉब पोराला बनवायचा होता. माउसने पडद्यावरचा नॉब फिरवणे आणि हाताने खरा नॉब फिरवणे यात फरक आहे, असे त्याचे म्हणणे. फरक काय, हे मला तेव्हा कळले नाही. मोटार रिवाइंडिंग करणाऱ्या बापाच्या पोराला कळले.

तयार पॅनेल परदेशातून येतात आणि त्यांची किंमत या घराला झेपणारी नाही. एकात एक दांडी असलेला तयार एन्कोडर त्याला आपल्याकडच्या दुकानात मिळाला नाही. साधा एन्कोडर मात्र शंभर रुपयांच्या आत येतो. पहिला विचार त्याने भंगारातल्या कार स्टिरिओचा केला होता, कारण त्यातही दोन नॉब एकात एक असतात. पण तो पोटेन्शिओमीटर. जवळपास तीनशे अंश फिरला की अडतो. रेडिओचा नॉब कुठेच अडता कामा नये, तो गोल गोल फिरतच राहिला पाहिजे. एन्कोडरच्या आत दोन संपर्क असतात आणि ते थोडे मागेपुढे जुळतात. कोणता आधी जुळला यावरून नॉब उजवीकडे गेला की डावीकडे, हे कळते. पोराने एका एन्कोडरच्या सहा मिलिमीटरच्या दांडीवर सैल फिरेल अशी पितळी नळी बसवली. नळीला भंगार प्रिंटरमधले दातेरी चाक लावले आणि तसलेच दुसरे चाक शेजारच्या एन्कोडरला. दाते दोन्हीचे सारखे, म्हणजे खटक्याला खटका जुळेल. बाहेरचा फिरवला की आतलाही ओढला जायचा, म्हणून मध्ये पातळ वॉशर घातला. मग एका खटक्याला आकडा दोन-दोन घरे उडू लागला. संपर्क जुळताना काही मिलिसेकंद थरथरतात आणि ती थरथर मोजली जाते, हे त्याने स्वतः शोधून काढले. प्रत्येक संपर्काला कपॅसिटर लावला आणि प्रोग्राममध्ये मागची अवस्था लक्षात ठेवून पुढची तपासण्याची तरतूद केली. सगळे एका आर्डुइनोला जोडले. कॉम्प्युटर त्याला जॉयस्टिक समजतो.

बीएडला आम्हाला 'कृतीतून शिक्षण' यावर पानेच्या पाने लिहायला लावली होती. चांगले गुण मिळाले होते मला. समोर कृती दिसली तेव्हा मी तिला पोत्यात भरायला सांगितले.

मोहल्ल्यात बातमी काय पसरली? पोरगा घरात 'रेडिओ' बनवतो, तोही विमानाचा. अरे, त्यात अँटेना नाही, ट्रान्समीटर नाही, त्यातून एक अक्षर बाहेर जात नाही! तो दोन खटके मोजणारा डबा आहे, यूएसबीच्या वायरीला लटकलेला. पण एका बुजुर्गाने २००१ सालच्या न्यूयॉर्कची आठवण काढली आणि सगळे गप्प झाले. मीही.

ही भीती हवेतून आलेली नाही, हे मी नाकारत नाही. २०१५ च्या सप्टेंबरात अमेरिकेत टेक्सासमधल्या आयर्विंग गावी अहमद मोहम्मद नावाचा चौदा वर्षांचा मुलगा घरी जोडलेले घड्याळ शिक्षकांना दाखवायला शाळेत घेऊन गेला. ते बॉम्बसारखे दिसते असे एका शिक्षिकेला वाटले. पोलिसांनी हातकड्या घालून नेले, शाळेने तीन दिवस निलंबित केले. पुढे गुन्हा दाखल झाला नाही आणि व्हाइट हाउसचे आमंत्रणही आले, पण त्याच वर्षी ते कुटुंब कतारला निघून गेले. नंतर त्यांनी केलेला दावाही न्यायालयात टिकला नाही. नाव आणि वायर एकत्र दिसली की काही डोळ्यांना तिसरेच काही दिसते. मुस्लिमेतर वाचकांनी हे वाचून पुढे जाऊ नये, क्षणभर थांबावे. मुंबईत चारकोपच्या गच्चीवर कॅप्टन अमोल यादव यांनी विमान बांधले, २०१६ च्या 'मेक इन इंडिया' प्रदर्शनात ते लोकांनी पाहिले आणि कौतुक केले. व्हायलाच हवे होते. आमच्या मोहल्ल्यातल्या गच्चीवर कोणी विमानाचा सांगाडा उभा केला, तर तुमच्या मनात पहिला शब्द कोणता येईल, एवढेच स्वतःला विचारा.

पण आज माझे भांडण घरातल्यांशी आहे. अहमदच्या गोष्टीवरून आपण काय शिकलो? घड्याळ बनवू नका. मोटार बांधा, पंक्चर काढा, गाडी दुरुस्त करा, पण ज्याचा उपयोग शेजाऱ्याला लगेच समजत नाही ते करू नका. म्हणजे जे आपल्याला हिणवून 'पंक्चरवाले' म्हणतात, त्यांनी आखलेल्या रेघेच्या आत आपणच आपली पोरे बसवतो. शिवाय मी त्याला काय सांगितले? दार लावून कर, कोणाला दाखवू नको, शक्यतो बंदच कर. उघड्या दुकानात, बापाच्या टेबलावर, येणाऱ्या-जाणाऱ्या गिऱ्हाईकासमोर जे काम चालले होते ते मी माळ्यावर लपवायला लावले. संशय कशाचा येतो, उघड्या टेबलाचा की बांधलेल्या पोत्याचा? पोराच्या अब्बांनी एका गिऱ्हाईकाला तो नॉब फिरवून दाखवला असता, तर ती अफवा चहाबरोबर संपली असती.

आणि सभांमधली आपली भाषणे! दरवर्षी मुलांकडून घोकून घेतो. अल-जझरीने १२०६ मध्ये यंत्रांचा ग्रंथ पूर्ण केला, बगदादच्या बनू मूसा भावांनी त्याच्याही साडेतीन शतके आधी 'किताब अल-हियल' लिहिली, अंदलूसमध्ये अब्बास इब्न फिरनास उडाला. बक्षिसे वाटतो, टाळ्या वाजवतो. तिकडे वैमानिक शास्त्राची पोथी नाचवणाऱ्यांना आपण हसतो, कारण १९७४ मध्ये बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या लोकांनी त्यातली विमाने उडूच शकत नाहीत असे दाखवून दिले. हसायला हरकत नाही. पण पूर्वजांच्या नावावर जगण्यात आपण त्यांच्यापेक्षा वेगळे कुठे आहोत? अल-जझरी दरबारात नोकरी करणारा कारीगर होता. चाक कसे कापायचे, नळी कशी जोडायची, हे दुसऱ्या कारीगराला करता यावे असे त्याने लिहिले. आज तो आमच्या गावात असता, तर त्याच्याही घरी आम्ही दोन बुजुर्ग आणि एक शिक्षक पाठवला असता.

मी उर्दू शिकवतो. हिजाब इम्तियाज अली यांचे नाव वर्गात घेतो, त्यांच्या कथांबद्दल बोलतो. या बाईंनी १९३६ मध्ये विमान चालवण्याचा परवाना मिळवला होता, हे मी इतक्या वर्षांत मुलांना एकदाही सांगितले नाही. अभ्यासक्रमात नव्हते. हे कारण आता लिहिताना मलाच पटत नाही.

"पण फायदा काय? शेवटी गेमच ना?" असे विचारणारे खूप आहेत. नोकरीच्या फॉर्ममध्ये या नॉबला रकाना नाही, खरे आहे. तो पोरगा पायलट होईल असेही मी म्हणत नाही, त्या शिक्षणाचा खर्च मला माहीत आहे. पण जी चूक त्याने स्वतः शोधली, ती शोधायला त्याला कोणी सांगितले नव्हते, गुण मिळणार नव्हते आणि बक्षीस तर नव्हतेच. बावीस वर्षांच्या नोकरीत असे विद्यार्थी मला किती भेटले, हे मोजायला दोन हातांची बोटे पुरतात.

परवा मी त्याच्या अब्बांच्या दुकानात गेलो आणि झाल्याबद्दल माफी मागितली. अब्बा ओशाळले, "सर, तुम्ही काय..." म्हणत चहा मागवला. पोरगा मोटारीचे तांबे गुंडाळत होता. वर बघितले नाही. पोते अजून माळ्यावर आहे का, असे विचारले तर म्हणाला, "असेल." मी म्हटले, काढशील? त्याने तारेचे टोक कापले, बाजूला ठेवले आणि म्हणाला, "चाकांच्या दात्यांत ढिलाई होती सर. उलटं फिरवलं की पहिला खटका वाया जायचा. ते अजून सुटलेलं नाही. शुक्रवारी दुकान बंद असतं, तेव्हा बघतो."