बाटलीतली अहिंसा

बायांनो, सध्या आपल्या घराघरांत एक नवं पुण्य शिरलंय. लवंग नाहीतर नीलगिरी तेलाचा कापसाचा बोळा चवळीच्या डब्यात ठेवायचा आणि म्हणायचं, "आम्ही औषध घालत नाही हो, आमचं सगळं नैसर्गिक, अहिंसक." औषध न घालणं चांगलंच. ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या तर घरात आणूच नयेत; दमट हवा लागली की त्यांतून निघणारा वायू माणसाचा जीव घेतो आणि त्यावर उतारा नाही. पण गोळी वाईट म्हणून तेल अहिंसक, हा हिशेब मला मान्य नाही.

हे तेल करतं काय? लवंगेतलं युजेनॉल, नीलगिरीतलं सिनिओल यांची वाफ भुंग्याच्या श्वासछिद्रांतून आत जाते आणि त्याच्या मज्जातंतूंवर घाला घालते. वास सोसवत नाही म्हणून तो निघून जाईल म्हणता, तर घट्ट झाकणाच्या डब्यातून जाणार कुठं? तिथंच मरतो. झाडापासून आलं म्हणून विष नव्हे, असं कुठं आहे? धोतराही झाडच की! ठरवून मारणं ही संकल्पी हिंसा, आणि श्रावकाला ती वर्ज्य, हे आपण पाठशाळेत शिकलो. बाटलीवर पानाचं चित्र असलं की हेतू बदलतो का?

बरं, एवढं करून कीड तरी संपते का? भुंग्याची एक मादी 50 च्या वर अंडी दाण्यांवर चिकटवते. अळी दाणा पोखरून आतच वाढते आणि उष्ण दिवसांत साधारण महिन्याभरात गोल भोक पाडून भुंगा बाहेर येतो. दाण्यातल्या अळीपर्यंत वाफ नीट पोचत नाही, आणि तेल तर उडून जातं. म्हणजे पुन्हा नवी पिढी, पुन्हा नवे थेंब. याला अहिंसा म्हणायचं?

अहिंसा करायची तर भुंगा जन्मण्याआधी करावी लागते. पुष्कळदा शेतात शेंगा वाळत असतानाच अंडी पडतात. म्हणून शेंगा वेळेवर काढाव्यात, मळणी झाल्याबरोबर दाण्याला कडक ऊन द्यावं, कोरड्या डब्यात भरावं. आणि मुख्य म्हणजे थोडं आणावं. महिन्यात संपेल एवढीच चवळी घरात असली तर पिढ्यांवर पिढ्या वाढतीलच कशा? उन्हानंही काही अंडी मरतात, हे मी लपवत नाही. संसारात आरंभी हिंसा सुटत नाही. पण थोडी अंडी आणि पोतंभर भुंगे यांत फरक आहे ना?

आता खरा प्रश्न. थोडं आणायचं की पोतं, हे ठरवतं कोण? आमच्या बेळगावकडं सुगीत भाव उतरला की पुरुषमाणसं पोतं आणून टाकतात. पावसाळ्यात भुंगे निघाले की निवडायला सुना बसतात, आणि जीव मेले म्हणून प्रायश्चित्तही त्याच घेतात. पोतं एकाचं, पाप दुसरीचं! पर्युषणात अहिंसेवर तासभर बोलणाऱ्यांनी आधी बाजारात जाताना घरातल्या बाईला विचारावं.

आणि बायांनो, नाही विचारलं तर आपणच सांगूया, "यंदा पोतं नको. 5 किलो आणा. संपलं की परत जा."