कुणाच्या बापाची पत्रपेटी?

आमच्या गल्लीतल्या चार-पाच सोसायट्यांनी जिन्याखालच्या पत्रपेट्यांवर एक पाटी लावली: 'जाहिरातीची पत्रके टाकू नयेत. टाकलेली पत्रके जपून ठेवली जातील.' एवढेच. ना मोर्चा, ना उपोषण, ना घोषणा. पण या वीतभर पाटीने ज्यांच्या पोटात गोळा आला, त्यांची यादी पाहून आम्हाला मनापासून आनंद झाला. बिल्डरांचे विक्रीवाले खवळले, क्लासवाले रुसले, आणि पलीकडच्या सोसायटीचे चेअरमन चारचौघांत म्हणाले, "रिकामटेकड्या पेन्शनरांचे उद्योग!" ठीक आहे. हे उद्योग काय आहेत आणि रिकामटेकडे कोण, याचा निवाडा आज होऊनच जाऊ द्या.

पहिला सवाल. ही पत्रपेटी कोणाची? तिचे पैसे रहिवाशाने भरले, तिला कुलूप रहिवाशाने लावले, तिच्यावर नाव रहिवाशाचे. मग तिच्यात दिवसाढवळ्या हात घालून आपला कचरा कोंबण्याचा मुखत्यारनामा या टोळीला कोणी करून दिला? त्या पेटीत बँकेचे पत्र येते, विम्याची नोटीस येते, कोर्टाचा कागद येतो, महावितरणचे बिल येते. आज त्या सगळ्यांच्या उरावर पिझ्झाचे मेनूकार्ड, ढेकणांच्या फवारणीच्या दरांचा कागद, 'पॅकर्स अँड मूव्हर्स', आणि अडीच वर्षांच्या पोरांना 'ग्लोबल लीडर' करणारी बालवाडी अशी सगळी जत्रा ठाण मांडून बसलेली असते. एखाद्या आजोबांची हयातीच्या दाखल्याची सूचना त्या ढेकणांच्या कागदात गुंडाळून रद्दीत गेली आणि पेन्शन अडकली, तर फवारणीवाला येऊन दरमहा पेन्शन मोजणार आहे काय? घर महिनाभर बंद असले की कडीला अडकवलेली पत्रके दारावर लोंबत राहतात आणि जाणाऱ्या-येणाऱ्या चोराला सांगतात, 'या, इथे कोणी नाही.' हा निरोप पोहोचवण्याचा खर्च मात्र जाहिरातदार आनंदाने करतो!

दुसरा सवाल त्याहून झोंबणारा आहे, आणि तो आम्ही आमच्याच मध्यमवर्गाला विचारतो. सोसायटीच्या फाटकावर नजर टाका. 'फेरीवाले व विक्रेते यांना सक्त मनाई' असा फलक नाही असे फाटक या शहरात शोधून दाखवा. त्या फलकाने कोणाला अडवले? डोक्यावर मेथीच्या जुड्या घेऊन उन्हात उभ्या राहिलेल्या भाजीवालीला. जुन्या कपड्यांवर भांडी देणाऱ्या बोहारणीला. सुरीला धार लावणाऱ्याला. ही माणसे निदान समोर येतात, हाक मारतात, 'नको' म्हटले की पुढे जातात. त्यांना वॉचमन काठी दाखवतो. आणि गळ्यात पट्टा अडकवलेला, इस्त्रीच्या शर्टातला विक्री प्रतिनिधी पाचशे पत्रकांची चळत घेऊन आला की हाच वॉचमन सलाम ठोकून फाटक उघडतो! आमच्या फाटकावरची पाटीसुद्धा माणसाची चप्पल पाहून बोलते. भाजीवाली विक्रेती, आणि कोट्यवधींचे फ्लॅट विकणारा काय आमचा जावई लागतो?

बरे, जावई काय आणतो तेही पाहा. पाटी लावणाऱ्यांनी पत्रके फेकली नाहीत. ती उलगडली, वाचली, लावून ठेवली. खरी आग लागली ती इथे. कारण पत्रक हे वाचण्यासाठी नसते, डोळ्यांवरून घसरून जाण्यासाठी असते. ते कोणी बसून वाचले की त्याचे वस्त्रहरण होते. 'स्टेशनपासून पाच मिनिटांवर.' कशाने? विमानाने? 'अमुक लाखांपासून पुढे', आणि आकड्याच्या खांद्यावर एक चांदणी. चांदणीचा अर्थ तळाशी मोहरीएवढ्या अक्षरांत, तोही भिंग लावले तर दिसणारा. रिअल इस्टेटचा २०१६ चा कायदा कलम ११(२) मध्ये सांगतो की प्रकल्पाच्या जाहिरातीवर प्राधिकरणाचे संकेतस्थळ आणि प्रकल्पाचा नोंदणी क्रमांक ठळकपणे हवा. महाराष्ट्राच्या प्राधिकरणाने, म्हणजे महारेराने, १ ऑगस्ट २०२३ पासून क्यूआर कोडही सक्तीचा केला. कलम ६१ खाली दंड प्रकल्पाच्या अंदाजित खर्चाच्या पाच टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो. पाच टक्के! वर्तमानपत्रातल्या पानभर जाहिरातीत हे सारे इमानेइतबारे छापणारा माणूस जिन्याखालच्या पत्रकात मात्र क्रमांक 'विसरतो'. का? वर्तमानपत्राची प्रत ग्रंथालयात राहते, पत्रक संध्याकाळी कचऱ्यात जाते. पुरावा स्वतःच्या पायांनी कचरापेटीत चालत जातो, या भरवशावर हा सगळा पराक्रम चालला आहे.

आणि ती दुसरी जात: 'मधुमेह मुळासकट नाहीसा', 'पुरुषांच्या गुप्त समस्यांवर हमखास इलाज', 'कॅन्सरवर जडीबुटी, गुण न आल्यास पैसे परत'. औषधे व जादूटोण्याचे उपाय यांच्या आक्षेपार्ह जाहिरातींना बंदी घालणारा कायदा १९५४ चा आहे. त्याच्या परिशिष्टात मधुमेह आहे, कॅन्सर आहे, नपुंसकत्वही आहे. पहिल्याच गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद सांगितली आहे. सत्तर वर्षे हा कायदा पुस्तकात आहे आणि सत्तर वर्षे हे कागद पेट्यांत आहेत. दोघांची एकदाही गाठ पडू नये, याची काळजी कोण घेते?

निवडणुकीच्या पत्रकावर मुद्रकाचे आणि प्रकाशकाचे नाव-पत्ता नसेल तर लोकप्रतिनिधित्व कायद्याचे कलम १२७-अ आडवे येते. म्हणजे मत मागणाऱ्याने आपले नाव लपवायचे नाही, एवढी लाज आपण कायद्याने शिकवली. आयुष्यभराची पुंजी मागणाऱ्याचे, आजाऱ्याच्या जिवाशी खेळणाऱ्याचे काय? त्याच्या कागदावर फक्त एक मोबाइल क्रमांक, आणि तोही पुढच्या महिन्यात बंद.

'नको असेल तर फेकून द्या, एवढा कांगावा कशाला?' असे शहाजोगपणे सांगणारे आम्हाला रोज भेटतात. फेकून द्या! म्हणजे छापणार हे, टाकणार हे, आणि उचलून, वेगळे करून, सुक्या कचऱ्यात देणार आम्ही. त्यातला निम्मा कागद प्लॅस्टिकचा मुलामा दिलेला, चकचकीत. पुण्यात 'स्वच्छ' या कचरावेचकांच्या संस्थेच्या ज्या कष्टकरी बाया दारोदार जाऊन कचरा नेतात, त्यांना विचारा या कागदाला भंगारात काय मिळते. साध्या रद्दीला भाव आहे. या नटव्या कागदाचे नुसते ओझे. नफा बिल्डरच्या तिजोरीत आणि ओझे कचरावेचक बाईच्या पाठीवर, ही यांची अर्थव्यवस्था!

या 'फेकून द्या'च्या पोटात जी लबाडी आहे ती ओळखा. त्रास एकाने द्यायचा, आणि त्रास नको असल्याचा अर्ज मात्र दुसऱ्याने करत फिरायचे. हे सोंग आपण फोनच्या बाबतीत पुरते पाहिलेले आहे. २००७ मध्ये 'कॉल करू नका' अशी नोंदवही निघाली. ती चालेना म्हणून २०११ मध्ये नवे नियम आले, नोंदणी-तक्रारीसाठी १९०९ हा क्रमांक आला. तेही पुरेनात म्हणून २०१८ मध्ये आणखी नवे नियम. ग्राहकाने आपला नंबर नोंदवायचा, कोणता त्रास नको ते निवडायचे, तरीही फोन आला तर तीन दिवसांच्या आत तक्रार करायची. चौथा दिवस उजाडला की हक्क बुडाला! ही मुदत सात दिवसांची करायला २०२५ साल उजाडावे लागले. आणि एवढे दिव्य करूनही ऐन जेवणाच्या वेळी कोणीतरी 'सर, पर्सनल लोन हवे का?' म्हणून विचारतेच. नकार नोंदवण्याचा बोजा ज्याच्या डोक्यावर, त्याची हार ठरलेली. बोजा उलटा फिरवा. ज्याला पत्रक टाकायचे आहे त्याने आधी होकार मिळवावा. होकार नाही, तर पेटीला हात नाही. या पाटीचे म्हणणे एवढेच आहे.

'असे कुठे असते का?' असते. ॲमस्टरडॅम शहराने १ जानेवारी २०१८ पासून नियमच उलटा केला. त्याआधी नेदरलँडमध्ये ज्याला जाहिराती नकोत तो दारावर 'नको' असे स्टिकर लावी. शहराने सांगितले, आता ज्याला हव्यात त्याने 'हो' असे स्टिकर लावावे. ज्याच्या पेटीवर काहीच नाही त्याच्या पेटीत बिनपत्त्याची जाहिरात पडणार नाही. पत्रकवाल्यांचा आणि छापखानेवाल्यांचा धंदा बसला, ते कोर्टात गेले, वरच्या कोर्टात गेले, आणि २४ सप्टेंबर २०२१ रोजी तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने शहराच्या बाजूने कौल दिला. कॅनडातल्या माँट्रियालमध्ये 'पब्लिसॅक' नावाची जाहिरातींनी भरलेली प्लॅस्टिकची पिशवी दर आठवड्याला घरोघरी टांगली जाई. नागरिकांनी रेटा लावला. मे २०२३ पासून मागेल त्यालाच पत्रके, असा नियम झाला. आणि मागितल्याशिवाय द्यायचे नाही म्हटल्यावर कंपनीने त्या शहरातून पिशवीच गुंडाळली. यातच सारे आले. ज्या मालाला कोणी आपणहून हात पसरत नाही, तो माल 'ग्राहकांच्या सोयीसाठी' होता म्हणे!

भाषणस्वातंत्र्याची ढाल पुढे करणारेही आहेत. त्यांनी अमेरिकेकडे पाहावे, जिथे भाषणस्वातंत्र्य राज्यघटनेच्या पहिल्याच दुरुस्तीत कोरलेले आहे. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९७० मध्ये, टपालाने जाहिराती धाडणाऱ्यांनी लढवलेल्या रोवन खटल्यात, निकाल दिला की नको असलेल्या घरात आपले म्हणणे घुसवण्याचा हक्क कोणालाही नाही. तुम्हाला बोलायचे आहे? चौकात बोला. आमच्या माजघरात नव्हे.

आणि आमचे सरकार काय करते? सरकार या धंद्यातला भागीदार आहे! टपाल खात्याची 'डायरेक्ट पोस्ट' नावाची सेवा आहे. पत्ता नाही, नाव नाही. पत्रकांचा गठ्ठा द्या, भाग सांगा, पैसे मोजा, पोस्टमन घरोघरी टाकून येईल. ज्या पोस्टमनची वाट पाहण्यात पिढ्या गेल्या, ज्याच्या हाती मनीऑर्डर असे, त्याच्या थैलीत आता बिनपत्त्याची हँडबिले. याच खात्याने २०२५ मध्ये रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टात विलीन करून टाकले. नावाने येणाऱ्या पत्राची जुनी सेवा मोडली, निनावी कागदाची दुकानदारी शाबूत!

वृत्तपत्रांनीही फार साळसूदपणा करू नये. पहाटे अंकाच्या पोटात पत्रके सारली जातात. अंक उघडला की ती चहात पडतात. विक्रेत्याला त्यातून चार पैसे मिळतात, त्याचे कमिशन तुटपुंजे आहे, हे आम्ही जाणतो. तर मालकांनी ते कमिशन वाढवावे.

पत्रके वाटणाऱ्या पोराशी आमचे भांडण नाही, हेही पाटी लावणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे. तो रोजावर उन्हातान्हात चार-चार मजले चढतो. त्याच्यावर ओरडून मर्दुमकी गाजवू नका. त्याला पाणी द्या आणि पत्रकावरच्या नंबरला फोन लावा. ओरडायचेच तर त्या चेअरमन-सेक्रेटरींवर ओरडा, जे रविवारी आवारात बिल्डरची छत्री लावू देतात आणि मिळालेले पैसे गणपतीच्या वर्गणीत दाखवतात. की दाखवत नाहीत? वार्षिक सर्वसाधारण सभेत हिशेबाच्या कोणत्या रकान्यात ती रक्कम येते, हे सभासदांनी एकदा उभे राहून विचारावे. पेटीचा मालक सभासद आहे. त्याची पेटी भाड्याने देण्याचा अधिकार उपविधीच्या कोणत्या कलमात बसतो?

पहिला गठ्ठा बांधून झाला आहे. नोंदणी क्रमांक आणि क्यूआर कोड नसलेली बिल्डरांची पत्रके महारेराकडे जातील, मधुमेहवाल्यांची अन्न व औषध प्रशासनाकडे. बाकीची ज्याची त्याला, त्याच्याच कार्यालयाच्या काउंटरवर.

उरले नगरसेवक. वाढदिवस, नियुक्ती, 'कार्यअहवाल' आणि दिवाळीच्या शुभेच्छा असे यांचेही चकचकीत कागद त्या गठ्ठ्यात आहेत, आणि ते थोडेथोडके नाहीत. मागितल्याशिवाय पेटीत पत्रक नाही, असा ठराव महापालिकेच्या सर्वसाधारण सभेत मांडायला एक सूचक आणि एक अनुमोदक लागतो. ते दोघे पुढे आले तर त्यांची नावे आम्ही पहिल्या पानावर छापू, आणि विरोधात वर झालेल्या प्रत्येक हाताचे नाव त्याच्या शेजारी.