बातमीखालीं नांव कोणाचें?

समाजमाध्यमांमुळें वृत्तपत्रसृष्टींत लोकशाही अवतरली, संपादकाची मिरासदारी संपली आणि प्रत्येक मनुष्य बातमीदार झाला, असें म्हणण्याचा हल्लीं प्रघात पडला आहे. ह्या जयघोषांत आम्हांस सामील होतां येत नाहीं. बातमीदार सगळेच झाले. पण जबाबदार कोण झाला?

छापील पत्राच्या तळाशीं मुद्रक व प्रकाशक यांचीं नांवें असतात. १८६७ च्या कायद्यानें तीं छापणें सक्तीचें केलें. परकी सरकारनें ही ओळ आपल्या सोयीसाठीं घालावयास लाविली, हें आम्ही विसरलों नाहीं. परंतु चुकीचा जाब कोणास विचारावयाचा, हें वाचकासही तीवरूनच कळूं लागलें. कोल्हापूरप्रकरणांत 'केसरी' व 'मराठा' यांनीं कारभारी बर्वे यांच्यावर कांहीं पत्रांच्या आधारें आरोप केले. तीं पत्रें बनावट ठरलीं. टिळक-आगरकरांनीं माफी मागितली, तरी १८८२ सालीं त्यांस डोंगरीच्या तुरुंगांत १०१ दिवस काढावे लागले. हेतु शुद्ध होता, मजकूर खोटा होता. आणि त्याची किंमत तो छापणारांनींच मोजली.

आतां दुसरें चित्र पाहा. १ जुलै २०१८ रोजीं धुळें जिल्ह्यांतील राईनपाडा येथें, मुलें पळविणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावानें पांच निरपराध माणसें ठार केलीं. सोलापूर जिल्ह्यांतून पोटासाठीं भटकत आलेले ते डवरी गोसावी होते. तशा अफवा त्या काळांत व्हॉट्सॲपवरून देशभर फिरत होत्या. मारणारे पकडले गेले. पण अफवा रचणारा कोण? तिच्याखालीं नांवच नव्हतें. त्याच महिन्यांत कंपनीनें एक संदेश एका वेळीं पांचांहून अधिक ठिकाणीं पुढें पाठविण्यास भारतांत बंदी केली. मर्यादा संख्येस पडली. सत्यासत्याचा भार कोणाच्याच शिरीं आला नाहीं.

जनसंपर्काच्या धंद्यानें ही निनांवी वाट तत्काळ हेरली. पूर्वीं संस्थेचें प्रसिद्धिपत्रक संपादकाकडे जाई, आणि तो तें छापी किंवा टोपलींत टाकी. आतां पैसे घेऊन केलेली वाखाणणी शेजारणीच्या सल्ल्यासारखी थेट स्वयंपाकघरांत शिरते. पैसे घेतले असल्यास तसें स्पष्ट लिहा, एवढें सांगण्यासाठीं भारतीय जाहिरात मानक परिषदेस २०२१ सालीं नियम करावे लागले. ज्याची वस्तु खरी, त्यास आपलें नांव लपविण्याची गरज कां पडावी?

छापील पत्रें सोंवळीं आहेत, असें आमचें म्हणणें नाहीं. विकत घेतलेल्या बातम्यांविषयीं प्रेस कौन्सिलच्या उपसमितीनें २०१० सालीं अहवाल दिलाच आहे. ज्यांस कोणतेंही पत्र दारांत उभें करीत नव्हतें, त्यांस ह्या नव्या साधनानें वाचा दिली, हेंही आम्ही मान्य करतों. पण वाचा फुटणें निराळें आणि तोंड लपवून बोलणें निराळें.

आमचा खरा रोष मात्र सुशिक्षित कुटुंबांवर आहे. "आलें तसें पाठविलें" असें म्हणून आपण हात झटकतों. पण पुढें पाठविणें हेंही प्रकाशनच आहे. ज्या मजकुराखालीं स्वतःचें नांव घालण्याची आपली छाती नाहीं, तो दुसऱ्याच्या घरीं धाडण्याचा आपणांस काय अधिकार? राईनपाड्याची अफवा निरक्षरांनीं लिहिली नव्हती. ती लिहितां-वाचतां येणाऱ्या हातांतूनच पुढें गेली.