कढत पाणी वाहून जातं, रातांबे कुजतात

मा. महासंचालक,
महाराष्ट्र ऊर्जा विकास अभिकरण (महाऊर्जा), पुणे



मी संगमेश्वर तालुक्यातला. आमच्या घरी आमसुलं करतात. रातांबे फोडून सालं वेगळी काढायची, आगळात, म्हणजे रातांब्याच्याच खारवलेल्या रसात, बुडवायची, उन्हात घालायची, सुकली की पुन्हा बुडवायची. अशी पाच-सहा पुटं बसली की आमसूल काळंभोर होतं आणि वर्षभर टिकतं. यात सगळा भरवसा उन्हावर, आणि रातांबा ऐन भरात येतो तो मे संपता संपता. वळवाची एक सर आली की पडवीत पसरलेल्या सालांना बुरशी धरते. मृग लागल्यावर झाडावर राहिलेलं फळ कोणी उतरवतही नाही. झाडाखाली लाल चिखल होतो.

त्याच दिवसांत, मुंबई-गोवा महामार्गालगत तुरळच्या कुंडातून साठ अंश सेल्सियसच्या आसपासचं पाणी रात्रंदिवस वाहत असतं आणि ओढ्याला जाऊन मिळतं. लहानपणी थंडीत आम्ही त्या पाण्याने अंघोळी केल्या. पुढे रातांबे आणि हे पाणी, दोन्ही एकाच तालुक्यात वाया जाताना बघत राहिलो. या दोघांची गाठ पडावी म्हणून हे पत्र.

पालघरमधल्या सातिवली-कोकणेरपासून वज्रेश्वरी, अकलोली, गणेशपुरी, उन्हेरे, उन्हवरे, अरवली, तुरळ, राजवाडी करत राजापूरच्या उन्हाळे गावापर्यंत, साधारण साडेतीनशे किलोमीटरच्या पट्ट्यात असे झरे आहेत. दापोली तालुक्यातल्या उन्हवऱ्याचं पाणी सर्वांत कढत, सुमारे 70 अंशांचं. कोकणाबाहेर चोपड्याजवळ उनपदेव, किनवटला उनकेश्वर. उष्णता गावांच्या नावांतच आहे. केंद्र सरकारने 1966 मध्ये उष्ण झऱ्यांसाठी समिती नेमली, भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने 1991 मध्ये देशभरातल्या झऱ्यांचा नकाशासंग्रह काढला. तरी तुरळचं पाणी आजही ओढ्यालाच जातं.

पुष्कळांना वाटतं, खाली ज्वालामुखी आहे. तसं नाही. आपला काळा कातळ ज्या लाव्हापासून झाला तो साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, केव्हाच निवलेला. पण पृथ्वीच्या पोटातली मूळ उष्णता आणि खडकांतल्या युरेनियम, थोरियम, पोटॅशियमच्या क्षयातून निघणारी उष्णता सतत वर येत असते. खोल जावं तसं दर किलोमीटरला साधारण 25 ते 30 अंशांनी तापमान चढतं. पावसाचं पाणी भेगांतून खोल उतरतं, तापतं आणि दुसरी भेग सापडली की वर येतं. म्हणजे खाली उष्णता, ती वाहून आणायला पाणी आणि पाण्याला वाट देणाऱ्या भेगा, तिन्ही लागतात. उष्णता कुठेही खोदलं तरी मिळेल, भेगा मिळतीलच असं नाही. भूऔष्णिक कामातला मोठा धोका आणि खर्चाचा मोठा भाग या भेगा शोधण्यात असतो. पहिली विहीर खोदेपर्यंत खात्री नसते आणि खोदाईचे पैसे आधी मोजावे लागतात. झरा आहे तिथे निसर्गाने ती वाट आधीच दाखवलेली असते.

आता विजेबद्दल. इटलीतल्या लार्देरेल्लो इथे 1904 मध्ये जमिनीतल्या वाफेवर पहिल्यांदा पाच दिवे पेटले, तेव्हापासून भूऔष्णिक म्हटलं की आपण मेगावॉटच विचारतो. लडाखमधल्या पुगा खोऱ्याची चर्चा होते तीही एक मेगावॉटच्या प्रायोगिक केंद्राच्या योजनेमुळे. कोकणातल्या कुंडांना हाच प्रश्न विचारला तर उत्तर निराशेचं येतं, आणि फाइल बंद होते.

अलास्कातल्या चेना इथे 74 अंशांच्या पाण्यावर 2006 पासून वीज होते, असा दाखला देतात. तो खरा आहे. गरम पाण्याने कमी तापमानाला उकळणारा दुसरा द्रव उकळवायचा आणि त्याच्या वाफेवर टर्बाइन फिरवायचं, अशी ती पद्धत. पण ती वाफ पुन्हा निववायला चेनाला चार अंशांचं पाणी मिळतं. त्या दोन तापमानांत सत्तर अंशांचं अंतर आहे. तुरळला कढत पाणी साठ अंशांचं आणि निववायचं पाणी अठ्ठावीसचं, अंतर जेमतेम बत्तीस. वीज या अंतरावर होते, नुसत्या कढतपणावर नाही.

हिशेब मांडून बघू. समजा, एखाद्या ठिकाणी सेकंदाला पाच लिटर पाणी मिळालं आणि ते 61 अंशांवरून 41 वर आणलं. त्यातून सुमारे 418 किलोवॉट उष्णता निघते. तिची वीज करायला गेलो तर दहा-पंधरा किलोवॉटही हाती लागणं कठीण, त्यातून पंपाचा खर्च वजा. तीच उष्णता उष्णता म्हणून वापरली तर दिवसाला जवळजवळ अडीच टन सुकं लाकूड जाळण्याइतकी होते, आणि पावसाळ्यातही बंद पडत नाही. आमसुलाला, आंब्याच्या साठांना, सुकटीला पन्नासच्या आतबाहेरची गरम हवा लागते. आमचं पाणी नेमकं त्या कामाचं आहे. आइसलंडमध्ये भूऔष्णिक उष्णतेवर कॉड माशांची डोकी सुकवून थेट नायजेरियाला पाठवतात. केंद्राच्या 2025 च्या राष्ट्रीय भूऔष्णिक धोरणातही उष्णतेच्या अशा थेट वापराला जागा आहे.

म्हणून पहिली मागणी: एका झऱ्याशेजारी सार्वजनिक वाळवणघर. कुंडाला हात न लावता, बाहेर वाहून जाणाऱ्या पाण्यावर हीट एक्स्चेंजर बसवायचा. झऱ्याचं पाणी खारट आणि खनिजांनी भरलेलं असतं, नळ्या गंजतात, आत पुटं चढतात. म्हणून ते पाणी एका बाजूने आणि स्वच्छ पाणी दुसऱ्या बाजूने फिरवायचं आणि आतले पत्रे उघडून घासता येतील असं यंत्र निवडायचं. चालवायला बचत गटाच्या बायका पुढे येतील. आमसुलं करतात त्याच.

दुसरी मागणी खोल जाणारी आहे. झऱ्यांच्या पाण्यातल्या सिलिका आणि क्षारांच्या प्रमाणावरून खालच्या साठ्याचं तापमान अजमावतात. कोकणातल्या काही झऱ्यांसाठी ते शंभर अंशांच्या वर येतं. ते खरं असेल तर विजेचा हिशेबही बदलतो. पण ते ठरवायला अरुंद व्यासाचं बोअर घेऊन तापमान मोजावं लागेल. कोयनेच्या परिसरात भूकंप अभ्यासासाठी 2017 मध्ये तीन किलोमीटर खोल बोअर घेतलं गेलं, सव्वा किलोमीटरच्या आसपास बेसाल्ट संपून ग्रॅनाइटसारखा खडक लागला. खोदण्याची विद्या इथे आहे. मोजलेला प्रत्येक आकडा मात्र जाहीर करा, बोअर फसलं तरी. फसलेल्या बोअरचे आकडे पुढच्या माणसाचे कोट्यवधी रुपये वाचवतात.

गावात भीती आहे, ती मी लपवत नाही. कुंड आटलं तर? न्यूझीलंडमधल्या रोटोरुआत घरोघरी बोअर घेऊन उष्ण पाणी उपसलं, आणि तिथले प्रसिद्ध उष्ण फवारे मंदावले. 1986 नंतर सरकारने पोहुतू फवाऱ्यापासून दीड किलोमीटरच्या आतली बोअरं बंद करायला लावली, मग ते सावरले. कॅलिफोर्नियातल्या गीझर्स क्षेत्रात वाफ ओढतच राहिल्याने दाब घसरला. शेवटी गावांचं प्रक्रिया केलेलं सांडपाणी नळांनी आणून खाली सोडावं लागलं. तेव्हा खोल बोअरमधून काढलेलं पाणी निवल्यावर पुन्हा त्याच थरात सोडायची अट पहिल्या दिवसापासून लिहा. आणि खडक दाबाने फोडून भेगा करण्याची पद्धत आमच्याकडे नको. स्वित्झर्लंडमधल्या बाझेलला 2006 मध्ये त्यातून भूकंपाचे धक्के बसले आणि प्रकल्प सोडावा लागला. आम्ही 1967 च्या कोयना भूकंपाच्या आठवणी ऐकत वाढलेले लोक आहोत.

कुंडाजवळ देऊळ आहे, लोकांची श्रद्धा आहे. ग्रामसभेशी आधी बोला, आराखडा नंतर काढा.

येत्या मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात तुमचे अभियंते तुरळला पाठवा. थर्मामीटर त्यांनी आणावा. पाणी किती येतं ते मोजायला बादली आणि घड्याळ आमच्याकडे आहे. दुपारी घरी जेवायला यावं, पडवीतली सालंही दाखवीन.

आपला,
संगमेश्वर तालुक्यातला एक आमसूल उत्पादक